इन्सुलिनची गोळी आणि यकृताची वाट

इन्सुलिन हे ५१ अमिनो आम्लांचे प्रथिन आहे. पोटाला ते वरणातल्या प्रथिनाहून वेगळे वाटत नाही. जठरातले आम्ल आणि पेप्सिन, पुढे लहान आतड्यातले ट्रिप्सिन त्याचा फडशा पाडतात. त्यातून उरलेले श्लेष्म्यात अडकते किंवा एकमेकींना घट्ट बिलगलेल्या पेशींच्या भिंतीशी थांबते. म्हणूनच १९२२ मध्ये टोरांटोत मधुमेहाच्या पहिल्या रुग्णाला ते सुईने दिले गेले आणि आजही बहुतेक रुग्णांची सुई सुटलेली नाही.

नॅनोवाहक, म्हणजे औषध वाहून नेणारे अतिसूक्ष्म कण, हे प्रथिन आपल्यात सामावून या अडथळ्यांपार नेतात. कोणी शस्त्रक्रियेतल्या आपोआप विरघळणाऱ्या टाक्यांच्या जातीचे पॉलिमर वापरतो, तर कोणी मेदाचे सूक्ष्म बुडबुडे. झिंगे-खेकड्यांच्या कवचापासून मिळणारे कायटोसान सर्वांत लाडके, कारण धनभारामुळे ते श्लेष्म्याला चिकटून राहते आणि पेशींमधले सांधे काही काळ सैल करते. उंदरांमध्ये असे प्रयोग १९८८ पासून यशस्वी होत आले आहेत.

सुई टळते हा फायदा मोठाच, पण खरा फायदा यकृतात आहे. निरोगी शरीरात स्वादुपिंडातून निघालेले इन्सुलिन प्रवेशिनी शिरेतून आधी यकृतात जाते आणि त्यातला जवळपास निम्मा भाग तिथेच वापरला जातो. इंजेक्शनमुळे हा क्रम उलटा होतो : स्नायू आणि चरबीला जास्त, यकृताला कमी. आतड्यातून शोषलेले इन्सुलिन मात्र याच नैसर्गिक वाटेने जाऊ शकते.

सिडनी विद्यापीठ आणि नॉर्वेतील संशोधकांनी जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेले काम याच वाटेचे आहे. सिल्व्हर सल्फाइडच्या नॅनोकणांवर इन्सुलिन बसवले, त्यावर कायटोसान आणि ग्लुकोजच्या पॉलिमरचा लेप दिला. रक्तात साखर वाढली की इन्सुलिन जास्त सुटावे, कमी असली की कमी, अशी ही रचना आहे. बबून माकडांना हे कण साखरविरहित चॉकलेटमधून खाऊ घातले आणि त्यांची रक्तशर्करा उतरली.

तरीही माणसांसाठी हिशेब कडक आहे. मधुमेहावरच्याच सेमाग्लुटाइड या औषधाची गोळी २०१९ पासून मिळते. ती सकाळी उपाशीपोटी, अर्ध्या ग्लासाहून कमी पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर अर्धा तास काही खायचे नाही. एवढे पथ्य पाळूनही त्यातले जेमतेम १ टक्का औषध रक्तात पोहोचते. ते शरीरात आठवडाभर टिकते, त्यामुळे रोजचा चढउतार भरून निघतो. इन्सुलिनला ही सवलत नाही. आज १ टक्का आणि उद्या ३ टक्के शोषले गेले, तर रुग्णाची साखर धोकादायक पातळीपर्यंत कोसळेल.

नोव्हो नॉर्डिस्क या औषध कंपनीच्या इन्सुलिन गोळीचा अनुभवही बोलका आहे. तीत नॅनोकण नव्हते, शोषण वाढवणारे द्रव्य होते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठ आठवड्यांच्या चाचणीत तिने इंजेक्शनइतकीच साखर आटोक्यात ठेवली. पण त्यासाठी इन्सुलिन इतके लागत होते की कंपनीने काम थांबवले. नॅनोवाहकांनाही आधी शोषणाचे हे प्रमाण बदलावे लागेल, आणि रोज घेतलेल्या सिल्व्हर सल्फाइडच्या कणांतली चांदी वर्षानुवर्षे शरीरात साठत नाही हेही दाखवावे लागेल.