मागून 'कट्‌-कट्‌' वाजतंय? जुन्या गाडीचे मागचे बुश बदलताना

ज्यांना एसटीत नाहीतर शेतात रेंज मिळत नाही, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीसारखाच लिहून देतोय. ऐकलाय त्यांनीही वाचा, कारण पान्याचं काम ऐकून निम्मंच लक्षात राहतं.

आजचा विषय आहे मूठभर रबराचा. मागच्या सस्पेन्शनचे बुश.

आमच्या घरी आजोबांची प्रीमियर पद्मिनी आहे. राहुरीकडून नगरला येताना (अहिल्यानगर म्हणायची सवय होतेय हळूहळू) गतिरोधकावरून चाक उतरलं की मागून 'कट्‌' असा आवाज यायचा. पप्पा म्हणायचे, "जुनी गाडी आहे, वाजणारच." पण एकदा ओव्हरटेक करताना ॲक्सिलरेटर सोडला आणि गाडीची शेपटी जराशी हलल्यासारखी वाटली. समोर उसाच्या दोन ट्रॉल्या, एकामागे एक. काही झालं नाही, पण त्या दिवशी कळलं की हा प्रश्न नुसत्या आवाजाचा नाही. त्यातच आरसी नूतनीकरणाची तारीख जवळ आलेली. खासगी गाडीला पंधरा वर्षं झाली की पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून आरसी वाढवून घ्यावी लागते. घरात दोनच पर्याय होते, गाडी नीट करा नाहीतर भंगारात द्या.

आधी गाडीची ओळख

ही गाडी आपल्याच राज्यातली. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट 1100 बनू लागली आणि सत्तरच्या दशकात तिचंच नाव पद्मिनी झालं. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी तीच. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी ऑक्टोबर 2003 मध्ये झाली होती. वीस वर्षांची मर्यादा संपली आणि ऑक्टोबर 2023 अखेर ती रस्त्यावरून गेली.

या गाडीला मागे सलग ॲक्सल आहे आणि तो दोन बाजूंच्या पाट्यांवर, म्हणजे कमानीसारख्या लीफ स्प्रिंगवर बसवलेला आहे. एमजी बी या प्रसिद्ध ब्रिटिश स्पोर्ट्स कारची मागची रचनाही तत्त्वाने हीच. त्यामुळे आज सांगतोय ते काम बैठ्या छताच्या स्पोर्ट्स कारलाही लागू पडतं आणि आजोबांच्या फियाटलाही.

बुश नेमका करतो काय?

पाट्याचं पुढचं टोक बोल्टने बॉडीला जोडलेलं असतं. मागचं टोक शॅकलला, म्हणजे झुलणाऱ्या दोन पट्ट्यांना. खड्ड्यात पाटा दाबला की तो सरळ होतो, म्हणजेच लांब होतो. त्या वाढीव लांबीला जागा मिळावी म्हणून शॅकल झुलतो. या प्रत्येक जोडात लोखंडावर लोखंड घासू नये म्हणून मध्ये रबर असतं, तोच बुश. आत लोखंडी नळी, बाहेर लोखंडी कवच आणि दोन्हींना घट्ट धरलेलं रबर, असा बुश असेल तर गॅरेजमध्ये त्याला सायलेंट ब्लॉक म्हणतात. मुळात ते एका कंपनीचं नाव, पुढे वस्तूलाच चिकटलं.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, पुढचं सगळं तिच्यावर आहे. सायलेंट ब्लॉक बेअरिंगसारखा फिरत नाही. आतली नळी बोल्टने आवळलेली, बाहेरचं कवच पाट्याच्या डोळ्यात घट्ट बसलेलं. पाटा हलला की मधलं रबर पिळलं जातं आणि परत सुटतं. आपल्या नगरच्या रणगाडा संग्रहालयात पॅटन रणगाडा पाहिला असेल. त्याच्या पोटाखाली पोलादी दांडे असतात आणि चाक उचललं की ते पिळले जातात. तेच तत्त्व इथे मुठीत मावेल एवढ्या रबरात आहे.

झिजला तर काय होतं?

थोडं गणित करू. समजा एका बाजूचा बुश फाटला आणि ॲक्सलची ती बाजू फक्त 5 मिलिमीटर मागे सरकली. दोन पाट्यांमधलं अंतर साधारण एक मीटर धरा. म्हणजे ॲक्सल एक तृतीयांश अंशापेक्षाही कमी वाकडा झाला. डोळ्याला दिसणारसुद्धा नाही. पण पद्मिनीच्या पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर 2,340 मिलिमीटर आहे. त्या हिशेबाने ताशी 60 च्या वेगात, स्टिअरिंग सरळ धरलेलं असताना, गाडी एका सेकंदात जवळपास एक फूट बाजूला जाऊ शकते. म्हणजे मागची चाकं तुम्हाला न विचारता स्टिअरिंग करतात. ॲक्सिलरेटर दाबला-सोडला किंवा ब्रेक मारला की ॲक्सल पुढे-मागे सरकतो. आमची शेपटी हलली ती यामुळेच.

ओळखायचं कसं?

गतिरोधकावर मागून एकच 'कट्‌', क्लच सोडताना मागे झटका, सरळ रस्त्यावर सारखं स्टिअरिंग सावरावं लागणं, मागच्या टायरची एकाच बाजूने झीज. यातलं काही असेल तर गाडीखाली टॉर्च मारा. रबर भेगाळलंय, एका बाजूला फुगून बाहेर आलंय किंवा बोल्ट डोळ्याच्या मधोमध दिसत नाही, म्हणजे बुश गेला. टॉमीने हलकेच उचकटून पाहा. खटकन हलला तर शंकाच नको.

आता काम

पहिली गोष्ट जिवाची. हँडब्रेक मागच्या चाकांवर चालतो. मागची चाकं हवेत गेली की हँडब्रेकचा काही उपयोग नाही. म्हणून सपाट, पक्की जमीन बघा आणि पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ओट लावा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही शिरू नका. बॉडीच्या मजबूत भागाखाली दोन स्टँड हवेतच. विटा रचून काम करू नका, वीट फुटते.

आदल्या रात्री सगळ्या नट-बोल्टांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. गाडी स्टँडवर घेतली की ॲक्सलखाली वेगळा जॅक लावा, म्हणजे त्याचं वजन ब्रेकच्या रबरी नळीवर लटकणार नाही. मग शॉकॲब्झॉर्बरचं खालचं टोक सोडवा, यू-बोल्ट काढा, शॅकल आणि पुढचा बोल्ट काढून पाटा खाली घ्या. एका वेळी एकच बाजू, म्हणजे दुसरी बाजू नमुन्याला राहते.

जुना बुश काढायला प्रेस मिळाला तर उत्तम. नाहीतर लांब बोल्ट, दोन वॉशर आणि दोन मापाच्या गोट्या घेऊन ओढून काढता येतो. काही जण रबर पेटवून देतात, ते करू नका. तो धूर विषारी असतो. कवच अडकलंच तर हॅक्सॉने आतून चीर द्या, पण पाट्याच्या डोळ्याला ओरखडा नको. भेग तिथूनच सुरू होते.

नवा बुश घेताना नुसतं गाडीचं नाव सांगू नका. जुना बुश आणि व्हर्नियर घेऊन दुकानात जा. बाहेरचा व्यास, आतला व्यास, लांबी, तिन्ही मापं जुळली पाहिजेत. आम्हाला पुण्यात नाना पेठेत मिळाले. बसवताना डोळा वायरब्रशने साफ करा आणि साबणाचं पाणी लावा. ग्रीस किंवा ऑईल नको, त्याने नैसर्गिक रबर फुगतं आणि मऊ पडतं. दाब कायम बाहेरच्या कवचावर द्या. आतल्या नळीवर दिला तर नवा बुश बसायच्या आधीच फाटतो. आणि एकाच बाजूचा बदलून थांबू नका, दोन्ही बाजू बदला.

आम्ही केलेली चूक

सगळं बसवलं आणि गाडी हवेत असतानाच सगळे बोल्ट करकचून आवळले. चार महिन्यांत आवाज परत. मी म्हणालो, माल डुप्लिकेट. गॅरेजवाल्या चाचांनी खाली वाकून पाहिलं आणि विचारलं, "बेटा, बोल्ट आवळले तेव्हा गाडी कुठं होती, वर का खाली?"

हवेत ॲक्सल लटकलेला असतो. तेव्हा बोल्ट आवळला की रबर त्या अवस्थेला 'सरळ' समजतं. गाडी खाली आली की ते पिळलं जातं आणि उभ्या गाडीतही रात्रंदिवस पिळलेलंच राहतं. त्यावर खड्ड्याचा पीळ आला की फाटतं.

म्हणून बोल्ट आधी हाताने, मग पान्याने बेताचे लावा. चाकं लावा, गाडी जमिनीवर उतरवा, डिकी दोन-चार वेळा दाबून सोडा, थोडी पुढे-मागे ढकला. गाडी स्वतःच्या वजनावर नेहमीच्या उंचीला बसली की मगच शेवटचं आवळा. दोन-तीनशे किलोमीटर चालल्यावर यू-बोल्ट पुन्हा तपासा.

बरेच जण विचारतात, रबराऐवजी पॉलियुरेथेन घालू का? ते जास्त टिकतं, तेलाला दाद देत नाही आणि गाडी वळणात घट्ट वाटते. पण रस्त्याचा प्रत्येक खडा पाठीला कळतो. ट्रॅकवर पळवायची असेल तर ठीक. नगर-मनमाड रस्त्यासाठी मी रबरच घेईन.

आम्ही दुसऱ्यांदा बुश घातले, या वेळी चाकं जमिनीवर ठेवून. तपासणी झाली, आरसी पुढे वाढली. आजोबा मागच्या सीटवर बसून नगरपर्यंत आले. काही बोलले नाहीत, झोपून गेले. आवाज गेला याची खात्री मला तिथेच पटली.

तुमच्याकडेही अशी एखादी जुनी गाडी वाजत असेल तर रविवारी टॉर्च घेऊन खाली बघा. आणि काय सापडलं ते कळवा. भेटू पुढच्या भागात.