लस टोचली, पण लागू पडली का?

गणपतीच्या सुट्टीत माकुणसारला गेले होते. शेजारच्या काकी प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले एक कार्ड घेऊन आल्या. त्यांच्या सात वर्षांच्या नातवाला रक्ताचा कर्करोग झाला होता. परळच्या टाटा रुग्णालयातले कडक उपचार संपून आता घरी गोळ्या चालू होत्या आणि तो शाळेतही जाऊ लागला होता. तेवढ्यात वर्गातल्या दोन मुलांना कांजिण्या आल्या आणि डॉक्टरांनी त्याला घरीच ठेवायला सांगितले. "अगं, याच्या सगळ्या लशी वेळेवर टोचल्यात. हे बघ कार्ड. मग एवढं भ्यायचं कशाला?"

कांजिण्यांची लस सरकारी कार्डावर नसते, हे एक उत्तर झाले. पण ते अपुरे आहे. कार्डावर ज्या लशींच्या तारखा आहेत, त्यांचा तरी भरवसा या मुलाच्या बाबतीत किती धरायचा?

लशीच्या बाटलीत संरक्षण नसते. तिच्यात असते ती रोगजंतूची ओळख: मेलेला जंतू, त्याचा एखादा तुकडा किंवा क्षीण केलेला जिवंत जंतू. ही ओळख काही पेशी उचलून टी-पेशींना दाखवतात, टी-पेशी बी-पेशींना मदत करतात, बी-पेशी प्रतिपिंडे तयार करतात आणि दोन्ही प्रकारच्या काही पेशी स्मृती म्हणून मागे राहतात. या कामाला साधारण दोन आठवडे लागतात. साखळीतला एखादा दुवा तुटला, तर सुई टोचली जाते, तारीख लिहिली जाते, पण आत फारसे काही घडत नाही. कर्करोगाच्या औषधांत आणखी एक अडचण आहे. ती रोगट पेशींबरोबर या उपयोगी पेशींनाही मारतात, त्यामुळे पूर्वी मिळवलेली प्रतिपिंडेही काही मुलांत घटतात.

'याची प्रतिकारशक्ती कमी आहे' असे आपण सरसकट म्हणतो. मला हा शब्दप्रयोग आळशी वाटतो. कोणता दुवा कमजोर आहे, हे कळल्याशिवाय लस कितपत चालेल हे सांगता येत नाही. मूत्रपिंड बदललेल्या माणसाला नवा अवयव टिकावा म्हणून टी-पेशींना दाबणारी औषधे आयुष्यभर घ्यावी लागतात. करोनाच्या साथीत त्याचा परिणाम आकड्यांत दिसला. अमेरिकेत २०२१ साली अवयवरोपण झालेल्या ६५८ जणांना लशीच्या दोन मात्रा देऊन रक्त तपासले, तेव्हा ५४ टक्क्यांच्याच रक्तात प्रतिपिंडे सापडली. निरोगी माणसांत ती जवळजवळ सर्वांनाच येत होती. त्याच वर्षी फ्रान्समध्ये अशाच १०१ जणांना तिसरी मात्रा दिल्यावर हे प्रमाण ४० टक्क्यांवरून ६८ टक्क्यांवर गेले. म्हणजे लस निरुपयोगी नव्हती, तिला जास्त वेळा सांगावे लागत होते. डायलिसिसवरच्या रुग्णांना 'ब' काविळीची लस दुप्पट प्रमाणात आणि तीनऐवजी चार वेळा देतात, त्यामागेही हेच कारण आहे.

आपल्या पालघर जिल्ह्यातल्या शिक्षकांना जवळचे उदाहरण म्हणजे सिकलसेल. आदिवासी पाड्यांवरच्या शाळांत अशी मुले असतात. त्यांच्या पेशी बऱ्यापैकी काम करतात, पण वाकड्या तांबड्या पेशी अडकून अडकून प्लीहा, म्हणजे पाणथरी, हळूहळू निकामी होते. न्यूमोकॉकस या जिवाणूभोवती साखरेच्या रेणूंचे गुळगुळीत कवच असते आणि असे कवचधारी जिवाणू रक्तातून गाळून काढण्याचे काम मुख्यत्वे पाणथरीचे. ती गेली की साध्या तापाचे काही तासांत जीवघेणे दुखणे होऊ शकते. नुसत्या कवचापासून केलेल्या जुन्या लशीला दोन वर्षांखालची बाळे दाद देत नाहीत. म्हणून ते कवच एका प्रथिनाला जोडून नवी लस केली गेली. प्रथिन दिसले की टी-पेशीही कामाला लागतात. ही लस महाराष्ट्रात २०२१ पासून सरकारी कार्यक्रमात मिळते. तरीही या मुलांत डॉक्टर केवळ लशीवर विसंबत नाहीत. १९८६ साली अमेरिकेतल्या एका चाचणीत रोज पेनिसिलिन दिल्याने लहान सिकलसेलग्रस्त मुलांतला हा संसर्ग ८४ टक्क्यांनी घटला. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधीच थांबवली.

आतापर्यंत लस कमी पडण्याबद्दल बोललो. जिवंत लशींच्या बाबतीत ती उलटण्याचीही भीती असते. बीसीजी, गोवर, कांजिण्या आणि पोलिओचे थेंब या जिवंत लशी. त्यांतला क्षीण जंतू शरीरात थोडा वाढतो आणि मग आवरला जातो. आवरणारेच कोणी नसेल तर? जन्मतःच टी-पेशी नसलेल्या बाळात बीसीजीचे जंतू सर्व अंगात पसरू शकतात. दुर्दैव असे, की बीसीजी जन्मल्याबरोबर देतात आणि हा दोष कळतो काही महिन्यांनी. पोलिओच्या थेंबांतला विषाणू अशा काही व्यक्तींच्या आतड्यात ठाण मांडून बसतो. इंग्लंडमधल्या एका माणसाच्या शौचातून तो २८ वर्षे बाहेर पडत राहिला. आपल्याकडेही अशा मुलांच्या शौचाच्या तपासण्या मुंबईतल्या संशोधकांनी केल्या आहेत आणि काहींत पोलिओचे विषाणू सापडले आहेत.

हे वाचून कुपोषित मुलांच्या लशी कोणी लांबवू नयेत, म्हणून इथे थोडे थांबते. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीचे बालमृत्यू गाजले, तेव्हापासून 'कुपोषण म्हणजे प्रतिकारशक्ती नाही' हे समीकरण आपल्या मनात पक्के बसले आहे. त्यावरून 'पोर अशक्त आहे, सुई सोसणार नाही, बाळसं धरू दे' असे आई-आजी म्हणतात आणि कधीकधी आपणही मान डोलावतो. पण कुपोषित मूल बहुतेक लशींना पुष्कळसे धडधाकट मुलासारखेच उत्तर देते. आणि गोवर झालाच तर मरण्याचा धोका त्यालाच अधिक. त्याला लस आधी मिळायला हवी, नंतर नव्हे. साधी सर्दी किंवा किरकोळ ताप हेही लस टाळायचे कारण नाही.

काकींच्या नातवाची गोष्ट वेगळी. उपचार चालू असेतो त्याला जिवंत लस द्यायची नाही. मृत लशी धोक्याच्या नसतात, पण आता त्या जेमतेम लागू पडतील. औषधे संपल्यावर तीन ते सहा महिन्यांनी डॉक्टर काही लशी पुन्हा देतील. तोवर त्याचे संरक्षण त्याच्या अंगात नाही, आजूबाजूच्यांत आहे. गोवरासारखा रोग गावात पसरू नये यासाठी शंभरातल्या सुमारे पंचाण्णव जणांना संरक्षण लागते. उरलेल्या पाचांत हा मुलगा असतो, म्हणून ज्यांना लस घेता येते त्यांनी ती चुकवून चालत नाही.

शाळेतल्या बाईंशीही बोलले. वर्गात कोणाला कांजिण्या किंवा गोवर आला तर त्याच दिवशी मुलाच्या घरी फोन करायचा, असे ठरले. संपर्क आल्यावर तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन देता येते, पण ते शक्यतो चार दिवसांच्या आत. 'सोमवारी सांगू' म्हटले तर उशीर होतो.

निघताना काकींनी विचारले, "म्हणजे कांजिण्यांची लस त्याच्या धाकट्या बहिणीला टोचायची, आणि सांभाळायचं ते त्याला?" मी हो म्हटले. मात्र लशीनंतर तिच्या अंगावर पुरळ उठले तर ते सुकेपर्यंत दोघांना वेगळे झोपवायचे, आणि पोलिओच्या रविवारी तिला थेंब पाजण्याआधी परळच्या डॉक्टरांना विचारायचे, हे कार्डाच्या मागे लिहून दिले.