चेरोकी प्रमुखाचे दफ्तर

जॉन रॉस १८२८ पासून १८६६ मध्ये मृत्यू येईपर्यंत अमेरिकेतल्या चेरोकी या मूळनिवासी राष्ट्राचा मुख्य प्रमुख होता. त्याने लिहिलेली आणि त्याला आलेली पत्रे, अर्ज, हिशेब आणि मसुदे यांचा मोठा साठा ओक्लाहोमातल्या टल्सा येथील गिलक्रीज संग्रहालयाकडे आहे. काही कागद शिकागोच्या न्यूबेरी ग्रंथालयात, तर काही अमेरिकन सरकारच्या दफ्तरात आहेत. गॅरी मोल्टन यांनी १९८५ मध्ये निवडक कागदांचे दोन जाडजूड खंड संपादित केले. ही पत्रे वाचताना मन आधी शोकाकडे ओढ घेते, कारण शेवट आपल्याला ठाऊक असतो. १८३८-३९ मध्ये सुमारे १६ हजार चेरोकींना जॉर्जिया, टेनेसी आणि आसपासच्या मुलखातून उठवून मिसिसिपीपलीकडे नेले गेले आणि त्यात अंदाजे चार हजार माणसे दगावली. पण हरलेल्या माणसाच्या विनवण्या म्हणून ती वाचली, तर त्यांचे खरे काम नजरेतून निसटते. रॉस दावा लढत होता. कोर्टात उभे राहायचे ठरवलेला पक्षकार जसा प्रत्येक कागदाची नक्कल जपतो, तसा तो लिहीत होता आणि जपत होता.

ही सवय प्रमुख होण्याआधीची आहे. ऑक्टोबर १८२३ मध्ये अमेरिकन आयुक्त जमीन मागायला चेरोकींच्या सभेत आले होते. क्रीक जमातीचा पुढारी विल्यम मॅकिंटॉश त्यांची बाजू घेऊन आला आणि त्याने रॉसला गुपचूप चिठ्ठी धाडली: जमीन द्या, तुम्हाला दोन हजार डॉलर, सभेच्या कारकुनाला तेवढेच, दुय्यम प्रमुख चार्ल्स हिक्सला तीन हजार, आणि याचा कुणाला पत्ता लागणार नाही. रॉसने चिठ्ठी फाडली नाही की परतही पाठवली नाही. त्याने ती भरसभेत वाचून घेतली आणि मॅकिंटॉशची तिथून हकालपट्टी झाली. कागद चारचौघांत आला की तो पुरावा होतो, हे त्याला तिशीतच उमगले होते. पुढच्याच वर्षी वॉशिंग्टनला गेलेल्या शिष्टमंडळात तो होता. आता एक फूटही जमीन देणार नाही, असे त्यांनी अध्यक्ष मन्रो यांच्या सरकारला लेखी कळवले. जुने करार, त्यांतली कलमे आणि अमेरिकेने दिलेली वचने मांडायची आणि मग विचारायचे की तुमचीच सही तुम्हाला मान्य आहे की नाही, ही त्याची रीत पुढची चाळीस वर्षे बदलली नाही.

विरोधकांनाही त्या कागदांचे वजन कळत होते. १८३५ मध्ये रॉस वॉशिंग्टनहून परतला, तेव्हा त्याचे घर चेरोकींच्या जमिनी वाटणाऱ्या जॉर्जियाच्या सोडतीत दुसऱ्याच माणसाला लागले होते. तो हद्दीपलीकडे टेनेसीत लाकडी खोपटात राहू लागला. त्याच नोव्हेंबरात जॉर्जियाचे गार्ड राज्याची हद्द ओलांडून आले. त्यांनी रॉसला आणि त्याच्याकडे राहून चेरोकी इतिहासाची कागदपत्रे उतरवून घेणाऱ्या जॉन हॉवर्ड पेन या नाटककाराला धरून नेले आणि कागद जप्त केले. पुढच्याच महिन्यात, २९ डिसेंबरला, चेरोकींच्या राजधानीत, न्यू एकोटा येथे, एका छोट्या चेरोकी गटाने ५० लाख डॉलरच्या बदल्यात सारा मुलूख लिहून दिला. रॉसची सही त्या करारावर नव्हती, राष्ट्रीय सभेची संमतीही नव्हती. सप्टेंबर १८३६ मध्ये रॉसने अमेरिकेच्या दोन्ही सभागृहांना लिहिलेले पत्र मी या साठ्यातले सर्वांत भक्कम मानतो. त्यात दुःख आहे, पण ते युक्तिवादाच्या आड येत नाही. ज्यांना अधिकारच नव्हता त्यांनी केलेला करार राष्ट्राला बंधनकारक कसा, एवढाच प्रश्न तो बाजू बदलून बदलून विचारतो. या म्हणण्याला पुढे १५ हजारांहून अधिक सह्यांच्या अर्जाची जोड मिळाली.

मग उपयोग काय झाला, असे कुणी विचारील. सिनेटने तो करार जेमतेम लागतात तेवढ्याच मतांनी आधीच मंजूर केला होता, आणि १८३८ मध्ये अमेरिकन लष्कराच्या जनरल स्कॉटचे सैनिक दारात उभे राहिले. अर्जांनी स्थलांतर थांबवले नाही, हे खरेच. पण त्यावरून पत्रे निष्फळ ठरवताना आपण १८३८ हीच हिशेबाची शेवटची तारीख धरतो. निदान प्रवासाची व्यवस्था तरी आमच्या हाती द्या, हे रॉसने त्या उन्हाळ्यात स्कॉटकडून मान्य करून घेतले. त्या पत्रव्यवहारात माणशी ६५ डॉलर ८८ सेंट खर्चाचा अंदाज आहे. हजार-हजारांच्या तुकड्या, गाड्या आणि घोडे, रोजचा शिधा, अगदी साबणाचीसुद्धा बाब आहे. सैनिकांना साबण ही चैन वाटली असेल. तळांवर हगवणीने माणसे मरताना पाहणाऱ्यांना तसे वाटणे शक्य नव्हते. कंत्राट रॉसच्या भावाला, लुईसला मिळाले आणि त्यात कुटुंबाने पैसा केला, असा आरोप तेव्हाच झाला. तो झटकून टाकण्यासारखा नाही, कारण रॉस घराणे मुळात व्यापाऱ्यांचे होते. पण खर्च कुठे आणि किती झाला हे आज तपासता येते, ते याच कागदांमुळे. हा खर्च ५० लाखांतून कापायचा नाही, तुम्ही आम्हाला हाकललेत तर भाडेही तुम्हीच भरा, हा रॉसचा हेका होता. सरकारने तो कापलाच. ते भांडण १९०५-०६ मध्ये अमेरिकेच्या न्यायालयांत तडीस गेले: स्थलांतराच्या खर्चापोटी त्या ५० लाखांच्या निधीतून गैरवाजवीपणे वळते केलेले ११ लाख ११ हजार २८४ डॉलर आणि १८३८ पासूनचे व्याज देण्याचा हुकूम झाला. ३० हजारांहून अधिक वारसांच्या हाती प्रत्येकी सुमारे १३३ डॉलर पडले. गेलेल्या मुलखाच्या मानाने रक्कम क्षुल्लक होती. पण मुद्दा रॉसचाच होता आणि तो कोर्टात टिकला.

दुसरा आक्षेप जास्त टोचतो. रॉस रक्ताने एक-अष्टमांश चेरोकी, इंग्रजीत लिहिणारा, मळेवाला. सिक्वोयाने घडवलेल्या लिपीत चेरोकी वाचणारी-लिहिणारी सामान्य माणसे या दफ्तरात किती? थोडी, आणि तीही बहुधा सह्यांच्या यादीत. पण त्याच माणसांनी त्याला जवळजवळ चार दशके पुन्हा पुन्हा निवडून दिले, आणि ज्या सरकारशी झगडायचे होते ते इंग्रजीशिवाय काही वाचत नव्हते. गुलामगिरीचा आक्षेप मात्र कोणत्याही उत्तराने पुसला जात नाही. राष्ट्राच्या स्वातंत्र्यासाठी लिहिणारा रॉस स्वतः गुलाम बाळगून होता. १८३५ च्या जनगणनेत त्याच्याकडे १९ जणांची नोंद आहे. हक्क, संमती, अन्याय या विषयांवर इतके नेमके लिहिणाऱ्याने त्यांच्या संमतीचा प्रश्न आपल्या दाव्यात आणला नाही. पत्रे वाचताना हे मौनही वाचायला हवे. चेरोकी राष्ट्राने १८६३ मध्ये गुलामगिरी रद्द केली. १९ जुलै १८६६ ला वॉशिंग्टनमध्ये झालेल्या कराराने मुक्त झालेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना चेरोकींच्या बरोबरीचे हक्क दिले. रॉस तेव्हा त्याच शहरात अंथरुणाला खिळलेला होता आणि १ ऑगस्टला वारला. त्या वंशजांना पुढे नागरिकत्वासाठी खुद्द चेरोकी राष्ट्राशीच भांडावे लागले. २०१७ मध्ये अमेरिकेच्या संघीय न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. आधार १८६६ च्या करारातल्या नवव्या कलमाचा होता. सही केली असेल तर पाळा, एवढेच तेही म्हणत होते.