दोर कधी कापायचे?

“नोकरीत पाय ठेवून धंदा होत नाही. सूर्याजीसारखे परतीचे दोर कापून टाका!” उद्योजकतेवरच्या व्याख्यानांत हे वाक्य हमखास येतं आणि टाळ्याही घेतं. गेल्या महिन्यात ते ऐकून आलेला ओळखीतला एक मुलगा दुसऱ्याच दिवशी राजीनामा लिहायला बसला. वडील आजारी, घराचा हप्ता चालू. सौरपंप दुरुस्तीचा व्यवसाय काढायचा होता, पण गिऱ्हाईक एकही नाही. मला या वाक्याचा राग येतो तो यामुळे.

मुळात सिंहगडाची गोष्ट तरी नीट आठवा. मावळे गडावर पोचले होते, लढाई जुंपली होती. तानाजी पडल्यावर माणसं माघारी पळू लागली, तेव्हा सूर्याजीनं दोर कापले. कडा चढत असताना दोर कुणी कापत नाही.

उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्करांनीही असा दोर कापला नव्हता. १८८८ मध्ये बेळगावात सायकलचं दुकान निघालं, तेव्हा ते मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत शिकवत होते. ते मुंबईहून सायकली धाडायचे, बेळगावात भाऊ रामूअण्णा त्या विकायचे. नोकरी सोडली ती पुढे, बढती डावलली गेल्यावर. त्यानंतरही सगळं एका डावावर लावलं नाही. पुढे ते लोखंडी नांगर बनवू लागले, पण त्यानं जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली. असा काळ निभावतो तो हाताशी दुसरा आधार असलेला माणूस.

एका उदाहरणावर विश्वास बसत नसेल, तर अमेरिकेतल्या जोसेफ रॅफी आणि जी फेंग यांचा २०१४ चा अभ्यास पाहा. नोकरी सांभाळत धंदा सुरू करून मग पूर्णवेळ उतरलेल्यांचा धंदा बंद पडण्याची शक्यता, थेट उडी मारणाऱ्यांपेक्षा ३३ टक्क्यांनी कमी निघाली. ‘नायकी’चे फिल नाइटसुद्धा १९६४ मध्ये कंपनी काढल्यावर काही वर्षं हिशेबनिसाची नोकरी करत होते. भित्रेपणा म्हणायचं का याला?

“पस्तिशी उलटली, आता कसला धंदा!” हेही खोटं. अमेरिकेतल्या सर्वांत वेगानं वाढलेल्या नव्या कंपन्यांच्या संस्थापकांचं सुरुवातीचं सरासरी वय ४५ होतं, असं पिएर अझुले आणि सहकाऱ्यांनी दाखवलंय.

नेत्याला सगळं यावं लागतं? तेही नाही. लक्ष्मणरावांनी वसवलेल्या किर्लोस्करवाडीत हिशेब मंगेशराव रेगे सांभाळत, वसाहत रामूअण्णा.

आणि यश म्हणजे कंपनीचा आकार, हा गैरसमज तर मला सर्वांत घातक वाटतो. दहा माणसांचे पगार वेळेवर देणारं वर्कशॉपही यशस्वीच आहे.

त्या मुलाला मी एवढंच सांगितलं, “आधी दहा पंप दुरुस्त कर.” आता शनिवार-रविवारी तो गावोगाव फिरतो. चार पंप झालेत. राजीनामा अजून दिलेला नाही.