हाकेसरशी माघारी

जत तालुक्यात कारवानी कुत्रं दोरीला धरून रस्त्यानं निघालं, की भेटणारा माणूस पहिला प्रश्न विचारतो, "पळतंय किती?" पशुधन पर्यवेक्षक म्हणून मी तीस वर्षं नोकरी केली आणि त्याआधी घरच्या मेंढरांमागं, कुत्र्यांच्या संगतीत वाढलो. "हाक मारल्यावर माघारी येतंय का?" असं मात्र मला आजवर एकानंही विचारलेलं नाही. राखणीच्या कुत्र्याची खरी किंमत याच प्रश्नात आहे. मला ती एक कुत्रं गमावल्यावर कळली.

त्याचं नाव राणा. काळाभोर, छातीवर रुपयाएवढा पांढरा ठिपका. एकदा तो सशामागं लागला आणि तासाभरानं परतला. मेंढरं वाऱ्यावर सोडून गेला म्हणून मी संतापलो होतो. जवळ येताच त्याला काठीनं मारलं. मला वाटलं, पळून गेल्याची शिक्षा दिली. त्याच्या लेखी ती जवळ आल्याची शिक्षा होती. त्यानंतर हाक मारली की तो यायचा, पण दहा पावलांवर थांबायचा आणि कान पाडून बघत राहायचा. पुढच्याच महिन्यात तो डांबरी रस्त्याच्या कडेला उभा होता. मी बोलावलं, तो येईना. धरायला पुढं झालो तसा तो मागं सरकला आणि ट्रकखाली आला. पळण्यात तो कुणाला हार गेला नव्हता. त्या दहा पावलांनी गेला.

आता माझ्याजवळ हरणी आहे. तीन वर्षांची, तेवीस किलोची मादी. थोरल्या आण्णांची साठेक माडग्याळ मेंढरं राखणं हे तिचं काम. तिला पिल्लू असल्यापासून घडवताना जे शिकलो, ते इथं सांगतो.

वेग रक्तातला, दम मेहनतीचा

लांब तोंड, खोल छाती, आत ओढलेलं पोट, सडपातळ पाय. कारवानीचा हा बांधा पळण्यासाठीच आहे. सीमेपलीकडं कर्नाटकात याच रक्ताला मुधोळ हाउंड म्हणतात. २००५ साली टपाल खात्यानं भारतीय कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यांत मुधोळ होता. २०१६ साली लष्करानंही मुधोळची पिल्लं प्रशिक्षणासाठी मेरठला नेली.

असं कुत्रं भरधाव सुटलं की एका ढेंगेत त्याचे चारही पाय दोनदा जमीन सोडतात. एकदा पाठीची कमान होऊन पाय पोटाखाली गोळा होतात तेव्हा, आणि एकदा अंग लांबच लांब ताणलं जातं तेव्हा. घोड्याचे चारही पाय एका ढेंगेत एकदाच सुटतात. म्हणजे या कुत्र्याचा वेग नुसता पायांत नसतो. तो कण्यात, पाठीच्या स्नायूंत आणि मागच्या मांड्यांत असतो. मात्र ही पळ थोड्या वेळाची. ग्रेहाउंडच्या शर्यतीसुद्धा साधारण पाचशे मीटरच्या, अर्ध्या मिनिटात आटोपणाऱ्या असतात.

म्हणून कुत्र्याला मोटारसायकलच्या मागं मैलोन् मैल पळवू नका. आमच्याकडं पोरं हौसेनं तसं करतात आणि सहा महिन्यांत कुत्रं लंगडतं. वर्ष-सव्वा वर्षापर्यंत तर पिल्लाच्या हाडांची टोकं कोवळी असतात. त्या वयात त्याला त्याच्या मनानं बागडू द्यावं, दमवू नये.

हरणी सव्वा वर्षाची झाल्यावर पहिले दीड महिने आम्ही फक्त चाललो आणि दुडक्या चालीनं धावलो. रोज पहाटे पाऊण तास, माळावरच्या मुरमाड पायवाटेनं. यानं सांधे, शिरा आणि पंजे मजबूत होतात. मग आठवड्यातून दोन दिवस चढाची पळ सुरू केली. आधी दहा मिनिटं चालवून अंग मोकळं करायचं. मग टेकाडाच्या पायथ्याशी पुतण्यानं तिला धरायचं आणि शंभर पावलं वर जाऊन मी शीळ घालायची. ती जीव तोडून वर येते. चढावर वेग बेताचा राहतो, त्यामुळं पुढच्या पायांवर आदळ कमी बसते आणि मागच्या मांड्या भरतात. अशा चार-पाच पळी, प्रत्येकीनंतर धाप पूर्ण बसेपर्यंत थांबणं. एक दिवस ओढ्याच्या वाळूत चालणं. आणि एक दिवस निव्वळ विश्रांती, कारण स्नायू भरतात ते विश्रांतीतच.

नाडी बघायला शिका. कुत्र्याच्या मांडीच्या आतल्या बाजूला, वरच्या अंगाला दोन बोटं ठेवली की ठोका लागतो. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायचं. निवांत बसलेली असताना हरणीचे ठोके ऐंशीच्या आसपास असतात. शेवटच्या पळीनंतर दहा मिनिटांत तिची धाप बसली नाही किंवा ठोके उतरले नाहीत, तर पुढच्या खेपेला मी पळ कमी करतो.

माळावर टेप लावून दोनशे मीटर मोजून ठेवलेत. पुतण्या मोबाइलवर वेळ लावतो. सुरुवातीला हरणीला सतरा सेकंद लागले, तीन महिन्यांनी पंधरा. त्यातलं निम्मं श्रेय मी नखांना देतो. नखं वाढली की बोटं फाकतात आणि जमिनीवरची पकड जाते. दर पंधरवड्याला ती कापायची. रोज संध्याकाळी पंजे उलटे करून बघायचे. सराटा, बाभळीचा काटा, बोटांच्या बेचक्यात आणि कानात शिरणारं कुसळ. पावसाळ्यानंतर गवत वाळलं की कुसळ आत आत सरकत जातं आणि गळू धरतं.

खाणं, गोचीड आणि ऊन

नुसत्या भाकरी-ताकावर कुत्रं जगतं, पण त्याला दम येत नाही. कुत्र्याच्या अंगात लांब पल्ल्याचं इंधन मुख्यतः चरबीचं असतं आणि स्नायूंना मांस-अंड्यातली प्रथिनं लागतात. वहिनी हरणीला भाकरीबरोबर दोन अंडी आणि कोंबडीची उकडलेली काळजं घालतात. शिजवलेली हाडं मात्र कधीच नाहीत, ती फुटून आतड्यात रुततात. पळून आल्यावर तासभर जाऊ द्यावा, मग खायला द्यावं, आणि भरल्या पोटी तर मुळीच पळवू नये. खोल छातीच्या कुत्र्याच्या पोटाला पीळ पडतो आणि काही तासांत ते दगावतं. नोकरीत मी अशी कुत्री पाहिली आहेत.

कुत्रं अचानक मंदावलं तर आळशी म्हणून हिणवू नका. आधी हिरड्या बघा. गुलाबी असायला हव्यात. फिकट पडल्या असतील आणि ताप असेल, तर बहुतेक वेळा गोचीडतापाचा संशय घ्यावा आणि डॉक्टरांकडून रक्त तपासून घ्यावं. अंगात जंत आणि कातडीला गोचीड असेल तर कितीही सराव वाया जातो.

आणि ऊन. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. पंजांच्या गाद्यांना थोडा ओलावा, बाकी सगळी भिस्त धापेवर. त्याच्या अंगाचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट. ते १०५ च्या वर चढलं की जिवावर बेततं. जीभ टोकाला रुंद होऊन लोंबायला लागली, पाय लटपटले, की तिथंच थांबायचं. सावलीत न्यायचं, पोटावर आणि जांघेत पाणी ओतायचं, वारा घालायचा आणि डॉक्टरांना गाठायचं. होळीनंतर आमच्याकडं सहाच्या आत जी पळ होईल ती खरी.

हाक खोटी पडू द्यायची नाही

राणाच्या वेळी मी हाक खोटी पाडली होती. हरणीच्या वेळी ठरवलं, की माझी शीळ ऐकून ती आली आणि तिचं वाईट झालं, असं एकदाही होणार नाही. औषध पाजायचं असेल, अंघोळ घालायची असेल, बांधून ठेवायचं असेल, तर मी उठून तिच्याजवळ जातो. शीळ घालून बोलावत नाही.

सुरुवात अंगणात केली. दोन बोटांची एक लांब शीळ आणि लगेच काळजाचा तुकडा. ती आधीच माझ्याकडं येत असायची तेव्हा शीळ घालायचो, म्हणजे चुकायला जागाच नको. मग वहिनी ओसरीत आणि मी गोठ्याशी. आळीपाळीनं बोलवायचं, दोघांकडं खाऊ. पोरीला हा खेळ वाटला. एकदा वहिनी म्हणाल्या, "भावजी, तुमच्यापेक्षा माझ्याकडं जोरात येतीय बघा." खरंच येत होती. त्या तुकडा मोठा द्यायच्या.

पुढं बैलाचा कासरा जोडून तीस फुटांची दोरी केली. ती पट्ट्याला नाही, छातीच्या साजाला बांधली, म्हणजे हिसका मानेला बसत नाही. त्या दोरीवर ती माळावर, मग मेंढरांजवळ, मग दुसरी कुत्री दिसत असताना. शीळ एकदाच. आली नाही तर दोरी ओढून आणायची नाही. दोरी नुसती धरून ठेवायची, मी उलट दिशेला पळायचं. पळणाऱ्यामागं पळणं तिच्या रक्तात आहे, ते माझ्या कामी येतं. आणि सर्वांत महत्त्वाचं, दहांतल्या नऊ वेळा आली की तुकडा देऊन "जा" म्हणून पुन्हा सोडायची. आलं म्हणजे मोकळं रान संपलं, असं कुत्र्याला एकदा वाटलं की ते दहा पावलांवर थांबायला शिकतं. दोरी काढायला मला आठ महिने लागले.

रान एकट्याचं नाही

कारवानी बाळगणाऱ्या प्रत्येकाला एक गोष्ट कळकळीनं सांगतो. ससा, चिंकारा, काळवीट यांच्या मागं कुत्रं सोडणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. जुन्या माणसांच्या शिकारीच्या गोष्टी कितीही रंगल्या तरी तो काळ गेला. सोलापूरजवळ नान्नजला माळढोकासाठी १९७९ साली अभयारण्य झालं. तिथल्यासारखाच आपला माळही जमिनीवर अंडी घालणाऱ्या पाखरांचं घर आहे. मोकाट कुत्रं ते उधळून लावतं. लांडगाही कायद्यानं संरक्षित आहे. कुत्र्यानं त्याला मेंढरांपासून हटवावं, मारायला जाऊ नये. रेबीज आणि डिस्टेंपरची लस चुकवू नका. आपल्या कुत्र्याचा आजार लांडग्या-कोल्ह्यालाही लागतो. हाकेला माघारी येणारं कुत्रं रानाचीही राखण करतं.

गेल्या भाद्रपदात, दिवेलागणीच्या जरा आधी, मेंढरं गायरानातून वळवत होतो. पूर्वेच्या बांधावर लांडगा दिसला आणि हरणी सुटली. बघता बघता दोनशे-अडीचशे पावलं गेली. लांडगा पुरता पळतही नव्हता, मागं बघत बघत पुढं चालला होता. आमचे धनगर सांगत आलेत, की एक लांडगा कुत्र्याला लांब ओढतो आणि दुसरा कोकरू उचलतो. मी शीळ घातली. एकदाच. ती ढेंगेतच वळली, माती उडाली आणि सरळ माझ्याकडं आली. तेवढ्यात पश्चिमेच्या ओघळीजवळची मेंढरं उधळली. मी हात केला, ती तिकडं धावली. घाणेरीच्या जाळीतून एक करडी सावली निघाली आणि ओघळीत उतरून गेली. हरणी काठावर भुंकत उभी राहिली. मी दुसरी शीळ घातली, तशी परतली.

जाळीच्या वाघरीत घालताना आण्णांनी मेंढरं दोनदा मोजली. कोकरांसकट सगळी भरली. मी खिशातला काळजाचा शेवटचा तुकडा हरणीला दिला आणि म्हटलं, "जा." ती अंधारात वाघरीभोवती फेरी घालायला निघून गेली. तिला बांधायची मला गरज वाटली नाही.