खेळ की दहावी? महाड-पोलादपूरच्या कबड्डीपटूंसाठी शालेय स्पर्धांची वाट कशी असते?

नववी-दहावीतल्या खेळाडूच्या घरी जूनमध्ये हमखास एक प्रश्न निघतो: यंदा खेळायचे की अभ्यास करायचा? महाड आणि पोलादपूरच्या गावांत हा खेळ बहुतेक वेळा कबड्डीच असतो. पण विद्यार्थी खेळाडूला पुढे नेणारी सरकारी स्पर्धांची साखळी शाळेच्या हजेरीपटावरूनच सुरू होते. शाळा सुटली की ही वाटही सुटते. त्यामुळे खेळ की शाळा, अशी निवड करण्याआधी ही वाट कशी आहे ते समजून घ्यायला हवे.

शालेय स्पर्धांची रचना काय?

राज्याच्या क्रीडा व युवक सेवा संचालनालयामार्फत दरवर्षी शालेय स्पर्धा होतात. वयोगट तीन: १४, १७ आणि १९ वर्षांखालील, मुले व मुली स्वतंत्र. कबड्डीत वयाबरोबर वजनाचीही मर्यादा पाळावी लागते. टप्पे पाच: तालुका, जिल्हा, विभाग, राज्य आणि राष्ट्रीय. विजेता संघ पुढच्या टप्प्यावर जातो. राज्य स्पर्धेतून महाराष्ट्राचा संघ निवडला जातो.

सामने बाद पद्धतीचे असले, तर एका पराभवाने त्या वर्षाची स्पर्धा संपते. पण एक वर्ष गेले म्हणजे सगळे संपले असे नाही. सहावी-सातवीत सुरुवात केलेल्या मुलाला बारावीपर्यंत तिन्ही वयोगट खेळता येतात.

महाड-पोलादपूरसाठी अडचण कुठे?

पहिली अडचण विभागाची. क्रीडा विभागाच्या रचनेत रायगड जिल्हा मुंबई विभागात येतो. कशेडी घाट उतरून खेडला गेले की रत्नागिरी जिल्हा लागतो, आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरला गेले की सातारा. हे दोन्ही जिल्हे कोल्हापूर विभागात आहेत. म्हणजे पोलादपूरचा संघ जिल्हा जिंकला, तर शेजारच्या खेडऐवजी त्याची गाठ मुंबई-ठाण्याच्या शाळांशी पडते.

दुसरी अडचण पावसाची. शालेय स्पर्धांचा हंगाम पावसाळ्यातच सुरू होतो. तेव्हा लाल मातीच्या मैदानात चिखल असतो आणि सरावासाठी छप्पर असलेली जागा मोजक्याच शाळांकडे असते.

तिसरी अडचण अंतराची. जिल्ह्याचे मुख्यालय अलिबाग महाडपासून साधारण शंभर किलोमीटर, पोलादपूरपासून त्याहून लांब. शाळा सुटल्यावर सरावाला थांबले, तर वाडीकडे जाणारी शेवटची एसटी चुकते. पाचवी ते बारावीच्या मुलींना एसटीचा मोफत पास मिळतो, पण तो घर ते शाळा एवढ्याच प्रवासाचा असतो. सामन्यांसाठीच्या प्रवासाची सोय वेगळी करावी लागते.

माती आणि मॅटमध्ये फरक काय?

मातीवर पाय थोडा घसरतो. मॅटवर तो घट्ट धरला जातो. त्यामुळे चढाईत वळण्याचा वेग वाढतो, पण गुडघा आणि घोट्यावर ताणही जास्त येतो. मॅटवर बूट घालून खेळतात. अनवाणी खेळण्याची सवय असलेल्या मुलाला पावलांचा अंदाज नव्याने घ्यावा लागतो. मोठ्या स्पर्धा आता मॅटवरच होतात. वरच्या टप्प्यावर गेल्यावर पहिल्यांदाच मॅट पाहणारा संघ निम्मा सामना पाय रोवण्यातच घालवतो. जिल्हा स्पर्धेपूर्वी चार-पाच दिवस जरी मॅटवर सराव मिळाला, तरी फरक पडतो.

मैदानाची अशी टंचाई कोकणापुरती नाही. लडाखमधील मुले हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांवर आइस हॉकी शिकतात. वर्षातले काही महिनेच त्यांना बर्फ मिळतो. तरीही प्रामुख्याने लडाखच्या मुलींचा समावेश असलेल्या भारतीय महिला संघाने २०२५ मध्ये संयुक्त अरब अमिरातीत झालेल्या आशिया चषकात कांस्यपदक मिळवले. कॅनडात हाच खेळ मुले मुख्यतः स्थानिक क्लबांतून खेळतात. साहित्य आणि बर्फाच्या मैदानाचा खर्च पालकांच्या खिशातून जातो. आपल्याकडे कबड्डीला साहित्य फारसे लागत नाही आणि स्पर्धेचे दार शाळाच उघडते.

दहावीच्या निकालात फायदा होतो का?

होतो. पात्र खेळाडूंना दहावी आणि बारावीच्या परीक्षेत जास्तीत जास्त २५ सवलतीचे गुण मिळू शकतात. नेमके किती, हे स्पर्धेचा स्तर आणि कामगिरी यांवर ठरते. प्रस्ताव शाळेमार्फत जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे आणि तिथून शिक्षण मंडळाच्या विभागीय कार्यालयाकडे जातो. रायगडसाठी हे मुंबई विभागीय मंडळ आहे. ठरलेल्या मुदतीत प्रस्ताव गेला नाही, तर चांगली कामगिरीही निकालात दिसत नाही.

पुढे राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. कोणत्या पदाला कोणत्या स्तराची कामगिरी लागते, याचे निकष ठरलेले आहेत आणि प्रमाणपत्राची पडताळणी करून घ्यावी लागते.

गावच्या स्पर्धांचे प्रमाणपत्र चालते का?

गावोगावच्या मंडळांच्या रात्रीच्या स्पर्धांत खेळाडू तयार होतो, बक्षिसेही मिळतात. पण सवलतीच्या गुणांसाठी ती प्रमाणपत्रे उपयोगी पडत नाहीत. त्यासाठी मान्यताप्राप्त स्पर्धाच लागतात. शाळेबाहेर कबड्डी संघटनेच्या किशोर आणि कुमार गटांच्या स्पर्धा हा दुसरा मार्ग आहे. त्यांपैकी कोणत्या ग्राह्य धरल्या जातात, हे खेळण्याआधी क्रीडा शिक्षकांना विचारून घ्यावे.

पालकांनी काय करावे?

* जूनमध्येच शाळेने कोणत्या वयोगटात प्रवेशिका भरली आहे ते विचारावे. प्रवासाचा खर्च कोण करणार, हेही तेव्हाच ठरवावे.
* जन्मदाखला, आधार आणि शाळेच्या नोंदीतले नाव व जन्मतारीख एकसारखी आहे का, ते तपासावे. या तफावतीमुळे खेळाडू सामन्याच्या दिवशी अपात्र ठरू शकतो.
* पहिल्या स्पर्धेपासूनचे प्रत्येक प्रमाणपत्र जपावे आणि मोबाइलमध्ये त्याचा फोटो ठेवावा. पुराचा अनुभव असलेल्या महाडकरांना याचे कारण सांगायला नको.
* स्पर्धेमुळे बुडणारे तास आणि चाचण्या कशा भरून काढायच्या, हे वर्गशिक्षकांशी आधी बोलून घ्यावे.

तालुक्यातच हरलेल्या मुलाला यंदा सवलतीचे गुण कदाचित मिळणार नाहीत. पण वयोगट संपलेला नसेल, तर पुढच्या वर्षीच्या प्रवेशिकेत त्याचे नाव पुन्हा येऊ शकते. त्यासाठी तो शाळेत टिकायला हवा.