कातिताची बडबड आणि सरकारचे कान

जून १९४३ मध्ये अर्जेंटिनात लष्कराने सत्ता घेतली आणि नव्या राजवटीने देश सुधारायला घेतला. सुधारणेच्या यादीत लोकांचे बोलणेही होते. रेडिओवर शुद्ध स्पॅनिशच ऐकू आली पाहिजे, असा दंडक निघाला. टँगोच्या गाण्यांतले गल्लीबोळातले शब्द खरवडून काढण्यात आले, कवींना आपलीच गाणी पुन्हा लिहून द्यावी लागली. याच झाडाझडतीत दोन बायकांची तोंडे बंद झाली. एक कान्दिदा, स्पेनच्या गालिसिया प्रांतातून पोट भरायला आलेली मोलकरीण. दुसरी कातिता, इटालियन आईबापांची, ब्यूनस आयर्समध्ये वाढलेली तोंडाळ पोरगी. या दोघी भाषेची मोडतोड करतात आणि बरेवाईट न कळणाऱ्या जनतेला बिघडवतात, असा सरकारचा आक्षेप होता.

गंमत अशी की या दोघींपैकी एकही खरी नव्हती. दोघी नीनी मार्शल या चाळिशीतल्या नटीच्या तोंडून बोलत. त्या वेळी ती देशातली सर्वांत लोकप्रिय विनोदी अभिनेत्री होती.

नीनीचे खरे नाव मारिना एस्तेर त्रावेसो. जन्म १ जून १९०३, ब्यूनस आयर्सच्या काबायितो भागातला. आईवडील स्पेनच्या अस्तुरियासमधून आलेले. वडील ती तान्ही असतानाच गेले. घरात कामाला एक गालिसियाची बाई होती आणि तिचे बोलणे, तिचे हेल, तिचा भाबडा ठामपणा या मुलीच्या कानात लहानपणीच जाऊन बसला. कान्दिदा पुढे तिथूनच उचलली गेली.

नीनीचे काम समजायचे तर त्या वेळचे ब्यूनस आयर्स डोळ्यांसमोर आणावे लागते. १९१४ च्या जनगणनेत शहरातला जवळजवळ प्रत्येक दुसरा माणूस परदेशात जन्मलेला होता. सर्वांत जास्त इटालियन, त्यांच्या खालोखाल स्पॅनिश, शिवाय पूर्व युरोपातून आलेले ज्यू, सीरिया आणि लेबनॉनकडचे अरब. स्पेनमधून आलेला माणूस कुठल्याही प्रांताचा असो, शहर त्याला ‘गायेगो’, म्हणजे गालिसियाचाच म्हणे. पुष्कळसे कष्टकरी ‘कॉन्वेन्तियो’त राहत. मध्ये चौक, भोवती खोल्या, एकेका खोलीत अख्खे कुटुंब आणि नळावर सगळ्यांची भांडणे, अशी ती चाळच. नेपल्सची आजी, गालिसियाची धोबीण आणि ओडेसाचा शिंपी एकमेकांशी बोलणार कुठल्या भाषेत? ज्याला जशी जमेल तशा स्पॅनिशमध्ये. इटालियन माणसाच्या अशा धेडगुजरी स्पॅनिशला तर नावही पडले होते, ‘कोकोलीचे’. शहरातल्या लोकनाट्यांनी या भेसळीवर पन्नासएक वर्षे हशा वसूल केला होता.

म्हणजे नीनीला माल तयार मिळाला. पण त्या नाटकांतले परदेशी पात्र बहुतेक वेळा साचेबंद असे. मिशा, टोपी आणि चार ठरलेल्या चुका एवढ्यावर काम भागे. नीनीने त्याच मालात जरा बारकाईने हात घातला.

ती रंगमंचावर उशिरा आली, आणि आली तीही नाइलाजाने. तरुणपणी रशियन वंशाच्या एका इंजिनिअरशी लग्न झाले, मुलगी झाली. नवरा जुगारात बुडाला आणि संसार मोडला. अर्जेंटिनात तेव्हा कायद्याने घटस्फोट नव्हता. पदरात लहान मूल, वय तिशीला टेकलेले. अशा वेळी तिने हाती लागेल ते लिहायला सुरुवात केली. ‘सिंतोनिया’ हे रेडिओविषयीचे साप्ताहिक तेव्हा जोरात होते. त्यात ती टोपणनावाने एक सदर लिही आणि रेडिओवरच्या बड्या मंडळींना टाचण्या टोचत राही. मग त्याच रेडिओवर गायलाही लागली. तिथे नाव घेतले इव्होन दार्सी. नाव फ्रेंच आणि गाणी चारदोन भाषांतली. गळा बेताचा होता, पण उच्चार अचूक होते. दुसऱ्यांचे बोलणे हुबेहूब उचलण्याची हातोटी स्टुडिओतल्या लोकांच्या लक्षात आली ती इथेच.

‘मार्शल’ हे आडनावही तिने घडवले. दुसरा नवरा मार्सेलो साल्सेदो याच्या नाव-आडनावाची सुरुवातीची अक्षरे जोडून इंग्रजी वाटेल असे काहीतरी केले. दारात सिनेमावाल्यांची रांग लागायला अजून काही वर्षे होती.

कान्दिदा आधी आली. रेडिओवर हुआन कार्लोस तोरी या देखण्या गायक-निवेदकाबरोबर छोटे संवाद असत. तो शहरी, गुळगुळीत बोलणारा. ही कान्दिदा लोउरेइरो रामायादा, प्रत्येक हुकूम शब्दशः घेणारी. तिच्या विनोदाचे यंत्र सोपे आहे. मालक अलंकारिक बोलतो, मोलकरीण त्याचा सरळ अर्थ धरते आणि अलंकार उघडा पडतो. आज ते भाग ऐकताना कान्दिदा कधीकधी जुनी वाटते. गालिसियाची माणसे मंद असतात हा ब्यूनस आयर्सचा आवडता, आणि फारसा सभ्य नसलेला, समज तिच्या पाठीवर बसलेला असतो. नीनी तो समज पूर्ण झटकत नाही. मात्र कान्दिदाला ती लाचार होऊ देत नाही. मोलकरीण चुकते, पण मान खाली घालत नाही.

कातिताची गोष्ट वेगळी. ती खरी नीनीची कमाई. तोरीची सही घ्यायला, त्याला डोळे भरून पाहायला रेडिओ केंद्राच्या दाराशी मुलींचा घोळका उभा असे. दुकानांत, कारखान्यांत कामाला जाणाऱ्या, चारचौघींत उठून दिसायची हौस असलेल्या, एकाच वेळी सगळ्या बोलणाऱ्या. नीनी येता-जाता त्यांना ऐकत राहिली. त्यांच्यातून कातालिना पिझाफ्रोला लांगानुझो उभी राहिली, लाडाचे नाव कातिता. कार्यक्रमाला पैसा पुरवणाऱ्या दुकानदारांनी आधी नकार दिला, असे सांगतात. आमच्या गिऱ्हाईक बायका अशाच आहेत, त्या चिडतील, ही त्यांची भीती. कातिता हवेत गेली आणि कोणी चिडले नाही. प्रत्येकीला ती शेजारीण वाटली. स्वतःची ओळख पटल्याचे कोणीच कबूल केले नाही.

कातिता चुका करते, पण कान्दिदासारख्या नाही. तिचा जन्मच या शहरातला, तिला स्पॅनिश येते. अडचण अशी की तिला उच्चभ्रू स्पॅनिश बोलायची आहे. भारी शब्द तिने कुठेतरी ऐकलेला असतो, त्याचे टोक तिच्या हाती लागलेले असते आणि त्या टोकाला धरून ती तो बिनधास्त फिरवते. सोबत चौकशा, टोमणे, दुसऱ्याच्या संसारातल्या खाणाखुणा. श्वास घ्यायला ती थांबत नाही आणि समोरच्यालाही घेऊ देत नाही. आईबापांची भाषा मागे टाकून साहेबी भाषेच्या पायरीवर अडखळणारी ही दुसरी पिढी अर्जेंटिनाने तोवर इतक्या जवळून ऐकली नव्हती.

पुढे पात्रांचा गोतावळाच झाला. कातिताची आजी डोन्या कातेरिना, जिच्या तोंडात इटालियन अजून ओली आहे. धाकटा भाऊ मिंगो. पोलंडहून आलेली ज्यू डोन्या पोला. अतिशुद्ध बोलण्याच्या नादात हास्यास्पद होणारी ग्लादिस मिनेर्व्हा पेदान्तोने. आणि मोनिका बेदोया हुएयो दे पिकोस पार्दोस सन्सुएत क्रोस्तोन, उच्चकुलीन बाई. तिचे नावच तिच्या इस्टेटीएवढे लांब आणि बोलणे नाकातून, मध्येमध्ये फ्रेंच-इंग्रजी पेरलेले. एकीची चूक दुसरीच्या तोंडी कधी येत नाही. मोलकरीण, दुकानातली मुलगी, पंडिता, शेठाणी या सगळ्यांना तिने एकाच मापाने मोजले. सरकारला मात्र भाषेची विटंबना फक्त मोलकरणीच्या आणि दुकानातल्या मुलीच्या तोंडी ऐकू आली.

या सगळ्या पात्रांचे बोलणे नीनीने स्वतः लिहिले. तिच्याविषयी लिहिताना हा मुद्दा नेहमी ओझरता येतो, वास्तविक तो पहिल्या ओळीत यायला हवा.

कातिता पडद्यावर आली तेव्हा अर्जेंटिनाचा बोलपट पाच वर्षांचा होता. अर्जेंटिना सोनो फिल्म आणि लुमितोन हे दोन स्टुडिओ १९३३ मध्ये सुरू झाले आणि टँगो व रेडिओवरची लोकप्रिय माणसे उचलून पडद्यावर आणायची हा त्यांचा हुकमी मार्ग ठरला. लुमितोनचा दिग्दर्शक मानुएल रोमेरो झपाट्याने चित्रपट काढी. कामकरी बायकांच्या एका खानावळवजा वसतिगृहावरच्या ‘मुहेरेस के त्राबाहान’ या चित्रपटासाठी त्याने कातिताला बोलावले. नीनीने अट घातली: कातिताचे संवाद मी लिहिणार. रोमेरोसारख्या पटकथाही स्वतःच लिहिणाऱ्या माणसाला हे पचायला सोपे नव्हते, पण कातिताची भाषा दुसऱ्या कोणाला येतच नव्हती. चित्रपट १९३८ मध्ये आला. नायिका मेचा ओर्तिस, वडिलांच्या आत्महत्येनंतर रस्त्यावर आलेल्या श्रीमंत मुलीच्या गंभीर भूमिकेत. लोकांनी डोक्यावर घेतली ती कातिता.

त्यानंतरची पाच वर्षे नुसती धावपळ. १९३९ मध्ये ‘कान्दिदा’ आणि ‘दिव्होर्सियो एन मोन्तेव्हिदेओ’. या दुसऱ्या नावातच अर्जेंटिनाच्या प्रेक्षकाला हसू येई, कारण आपल्या देशात मिळत नाही तो घटस्फोट घ्यायला लोक नदीपलीकडच्या उरुग्वेत जात. त्यात कातिता नखे रंगवणारी. १९४० मध्ये ‘आय के एदुकार आ नीनी’, जिथे सदतिशीतली नीनी शाळकरी मुलगी होऊन वर्गात बसते आणि ते खपूनही जाते. १९४१ मध्ये ‘यो किएरो सेर बाताक्लाना’, नाचगाण्याच्या फिरत्या कंपनीत कातिता. दिग्दर्शक लुईस सेसार अमादोरीने तिला साच्यातून बाहेर काढायचा प्रयत्न केला. १९४३ च्या ‘कार्मेन’मध्ये डोक्याला मार लागलेली एक शिवणकाम करणारी बाई स्वप्नात थेट ऑपेरातली कार्मेन होते. १९४५ च्या ‘मादाम सां-जेन’मध्ये ती नेपोलियनच्या दरबारात पोहोचलेली फ्रेंच धोबीण आहे. रेडिओवर तोंड बंद असताना पडद्यावर दरबाराला खडे बोल सुनावणारी बाई रंगवायला मिळाली, हा योगायोग तिला नक्कीच आवडला असेल.

पेरोन १९४६ मध्ये राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आला. नीनीचे दिवस मात्र हळूहळू आणखी बिघडले. एका खाजगी मेजवानीत तिने त्याची बायको एव्हा पेरोन हिची टिंगल करणारी नक्कल केली, अशी वावडी उठली. तिने ती कायम नाकारली. सांगतात ते असे: काम मिळेनासे झाल्यावर ती एव्हाचा भाऊ आणि राष्ट्राध्यक्षांचा खाजगी सचिव हुआन दुआर्ते याला भेटायला गेली, ताटकळत बसली आणि माझ्या बहिणीची खिल्ली उडवलीस ना, या अर्थाचे उत्तर घेऊन परतली. खरेखोटे काही असो, इतरांची नक्कल करून जगणाऱ्या बाईला न केलेली नक्कल भोवली. कागदावर बंदी नव्हती, फक्त फोन येईनासे झाले.

ती मेक्सिकोला गेली. महायुद्धात अमेरिकेने तटस्थ अर्जेंटिनाला कच्ची फिल्म द्यायला हात आखडता घेतला होता आणि मेक्सिकोला मोकळ्या हाताने दिली होती. त्यामुळे स्पॅनिश सिनेमाचे केंद्र तोवर तिकडे सरकले होते. नीनीने बरोबर कान्दिदाला नेले. गालिसियाची माणसे मेक्सिकोतही होती, ती बोली तिकडे कळत होती. १९४९ च्या ‘उना गायेगा एन मेहिको’मध्ये तिच्यासमोर तिथला कसलेला विनोदवीर होआकीन पार्दावे होता. चित्रपट चालला, पाठोपाठ आणखी काही आले. कातिता मात्र मागे राहिली. तिला तिच्या शहराची हवा लागे.

१९५५ मध्ये पेरोनची सत्ता गेली आणि पुढच्याच वर्षी ‘कातिता एस उना दामा’ झळकला. पण मधल्या काळात शहर बदलले होते. युरोपातून येणाऱ्यांचा ओघ आटत चालला होता, आता कामासाठी येत होती देशाच्याच उत्तरेकडच्या प्रांतांतली माणसे, आणि आधीच्यांची नातवंडे आजोबांच्या उच्चारांना हसत होती. साठच्या दशकात पिपो मान्सेराच्या शनिवारच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमाने नीनीला नव्या पिढीसमोर आणले. आजीच्या तोंडून ऐकलेली कातिता त्यांनी पहिल्यांदा पाहिली.

मग १९७३. वय सत्तर. सान तेल्मो भागातल्या ‘एल गायो कोहो’ या छोट्याशा कॅफेवजा नाट्यगृहात तिने एकपात्री प्रयोग लावला, ‘इ से नोस फुए रेदेपेन्ते’. ‘आणि अवचित गेला हो’ म्हणावे असे ते नाव, त्यातला ‘अवचित’ कातिताने नेहमीप्रमाणे उलटापालटा केलेला. प्रसंग मयताचा. प्रेत घरात आणि भोवती जमलेली माणसे: कोण किती रडले, कोणी काय घातले, मेलेल्याच्या मागे काय राहिले. चाळीस वर्षे गोळा केलेले आवाज एका बाईच्या तोंडून एकाच खोलीत. टेबलांमध्ये हातभर अंतर असलेल्या त्या जागेत रेडिओवरचा बारकावा पुन्हा उपयोगी पडला. मोठ्या रंगमंचावर तो कदाचित वाया गेला असता. प्रयोग अनेक हंगाम चालला.

शेवटचा चित्रपट १९८० चा, पालितो ओर्तेगाने दिग्दर्शित केलेला. सोबत लुईस सान्द्रिनी, १९३३ च्या पहिल्या बोलपटांतला विनोदी नट. सान्द्रिनी त्याच वर्षी वारला. नीनीने १९८५ मध्ये आठवणींचे पुस्तक काढले आणि मुलाखतींना तोटा राहिला नाही. ‘स्कर्टमधला चॅप्लिन’ हे विशेषण तिला वारंवार चिकटवले गेले. ते गौरवाचे असले तरी फारसे बरोबर नाही. चॅप्लिन बोलपटाला वर्षानुवर्षे टाळत राहिला, आणि हिच्याकडून बोलणे काढून घेतले तर टोपीखाली फारसे काही उरत नाही.

१८ मार्च १९९६ रोजी ब्यूनस आयर्समध्ये ती वारली, वय ब्याण्णव. तिच्या संहिता आता छापील रूपात मिळतात. मुद्रितशोधकाचे हात त्या पानांवर शिवशिवत असणार, पण कातिताच्या सगळ्या चुका जशाच्या तशा ठेवल्या आहेत. त्या संहिता घेऊन उभ्या राहणाऱ्या तरुण नटींना आधी आजीआजोबांच्या काळातले उच्चार शिकावे लागतात. ते आता रस्त्यावर ऐकू येत नाहीत, म्हणून मुली नीनीचीच जुनी ध्वनिमुद्रणे लावून बसतात.